बघून काढलेलं पान

माझी मावशी बघितल्याशिवाय काही काढायची नाही. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांवर तिचं पोट. माकड काढायचं तर दिवसभर पिंजऱ्यासमोर बसायची. अणूच्या इतिहासाचं पुस्तक हाती आलं तेव्हा आई म्हणाली, "आता काय बघणार? अणू दिसतो होय?"

"फुटताना दिसेल," म्हणत मावशीने कलिंगडावर हातोडा घातला. बिया भिंतीभर उडाल्या, एक आईच्या नाकावर बसली. अणू फुटण्याचं चित्र झकास उतरलं. प्रयोगशाळा झाल्या, शोध लावणारी माणसं झाली. गाडी अडली ती बॉम्ब पडलेल्या शहरावर. मोडक्या खिडकीखालच्या बाईला चेहराच येईना.

तो चेहरा काकांनी दिला. काका म्हणजे मावशीचा नवरा, छापखान्यात मशीनमन. जेवताना पहिला घास घेतला आणि ताट तिच्या अंगावर भिरकावलं. मग केस धरून कपाळ ओट्यावर आपटलं. मग उलट्या हाताची एक. चौकोनी अंगठी गालात रुतली.

"दिवसभर रंग चाटतेस. भाजीत मीठ कोण घालणार?"

आम्ही शेजारीच राहायचो. आई धावली, तर मावशी आरशासमोर ब्रश घेऊन बसलेली.

"अगं, रक्त पूस आधी."

"थांब ताई. वाळलं की रंग बदलतो, तो हवाय."

"वेड लागलंय तुला. पोलिसात चल."

"पान होऊ दे."

पान बघून प्रकाशकबाई चपापल्या. "मुलं घाबरतील हो."

"घाबरू देत. बॉम्बला नाही घाबरायचं, मग काय झुरळाला?"

"बरं. पण छपाईपर्यंत वाटलं तर बदलून द्या."

पुस्तक गेलं काकांच्याच छापखान्यात. पहिला नमुना निघाला आणि कागद कापणारा कटिंगवाला काकांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला.

"मास्तर, बाई ओळखीची वाटते."

"काम कर."

"गालावरचा चौकोनही ओळखीचा आहे. हात दाखवा बघू."

सगळा छापखाना हसला. काका भरदुपारी घरी आले.

"दुसरा चेहरा काढ."

"दुसरा बघितला नाही."

त्यांनी तिचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि खणाला लाथ घातली. "बदलतेस?" ती ओरडली, पण हो म्हणाली नाही. दुसरी लाथ. बोटं मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडे आईला ऐकू आला. आईने येऊन हातातलं पातेलं त्यांच्या डोक्यात घातलं, तेव्हा ते थांबले.

दवाखान्याच्या बाकावर काका डोक्याला पट्टी बांधून गरीब गाईसारखे बसले. प्रकाशकबाई आल्या तशी उठून म्हणाले, "पान बदलायचं ठरलंय, बाई. ही दुसरं काढून देईल."

मावशीने कोपरापर्यंतचं प्लॅस्टर वर केलं.

"कशाने?"



"बदलता आलं असतं," मावशी बाईंना म्हणाली. "बोटं यांनीच मोडली. आता आहे तेच छापा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका छापखान्याच्या मालकांना म्हणाले, "आज दुसऱ्या कुणाला तरी लावा."

"त्या मशीनवर दुसरा कोण आहे, मास्तर? करा सुरू."

मशीन सुरू झालं. एका तोंडाने कोरा कागद जात होता, दुसरीकडून सुजलेला डोळा, फुटलेलं कपाळ आणि गालावरचा चौकोन येत होता. या वेळी कुणी हसलं नाही. कटिंगवाला एकेक कागद सरळ करून चेहरा वर ठेवत गेला.

मावशी आमच्याकडे होती. प्रकाशकबाईंचा फोन आला, छपाई झाली म्हणून. तिने डाव्या हाताने चपला जवळ ओढल्या.

"पान झालं, ताई. चल आता पोलिसात."