अंबूताईंचे अंधारातले पाढे

टेंभी नाक्याजवळच्या त्या फोटो स्टुडिओत पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास बुचकळ्यात पडायचा. बाकावर बसून वाट पाहावी, तर काळ्या पडद्याआडून एका बाईचा ठणठणीत आवाज यायचा. बे एके बेपासून सुरू झालेले पाढे न थांबता, एका लयीत चालू असायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईने कानाशी येऊन विचारलं, "आत शाळा भरते की काय?"

आत अंबूताई फिल्म धुवत असायच्या. अंधारात घड्याळ दिसत नाही, म्हणून पाढ्यांवर वेळ मोजायच्या. ठाण्याच्या उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं, तेव्हा माठातल्या पाण्याच्या परातीत फिल्म धुण्याच्या औषधाची थाळी ठेवायच्या आणि विसापर्यंतचे पाढे म्हणायच्या. थंडीत तिसापर्यंत. "विधवा बाईने रामरक्षा म्हणावी," असं त्यांना कुणीतरी सुचवलंही होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "स्तोत्र म्हणताना मन कुठेही गेलं तरी तोंड चालू राहतं. पाढ्यात मन गेलं की चूक होते आणि लगेच कळतं."

यजमान गेले तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. धाकटे दीर नाना म्हणाले, स्टुडिओ बंद करू आणि जागा शिंप्याला भाड्याने देऊ. अंबूताईंनी दुसऱ्याच दिवशी दुकानाची फळी स्वतः काढली. यजमानांच्या हाताखाली सगळं काम शिकलेल्या होत्याच. त्या उघडलेल्या फळीवरून दीर-भावजयीत जे वाजलं, ते पुढे वर्षानुवर्षं वाजतच राहिलं.

मी एकोणीस वर्षांची होते आणि माझं लग्न ठरत नव्हतं. मी सावळी आहे. सावळी हा शब्द आईचा, बाकीचे लोक सरळ काळी म्हणायचे. आधी एका ठिकाणी काढलेल्या फोटोत त्या माणसाने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मला अशी गोरीपान केली होती, की कल्याणचे पाहुणे घरी आले, पोह्यांची बशी माझ्या हातून घेतली आणि विचारते झाले, "फोटोतली मुलगी कुठे आहे?" ते पोहे त्यांनी खाल्ले, हे मी अजून विसरलेले नाही.

आईने अंबूताईंना हे सगळं सांगितलं आणि शेवटी चाचरत म्हणाली, "तरी जरा उजळ आली तर बरं."

"तोंड तिचं, उजेड माझा," अंबूताई म्हणाल्या. "पेन्सिल मी दुकानात ठेवत नाही. पण पोरीच्या तोंडावर अन्याय झालाय खरा. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते ती काळं करून टाकते. आपल्या कातडीत लाल असतोच की. म्हणून सावळं माणूस तव्याच्या बुडासारखं येतं. नव्या फिल्मला लालही दिसतो. हिला नवी लावू."

नवी फिल्म सगळेच का वापरत नाहीत, असं मी विचारलं. त्या हसल्या. जुनी फिल्म लाल दिव्यात बघत बघत धुता येते, पोळीसारखी, भाजली की उतरवायची. नवीला लाल दिवाही चालत नाही. मिट्ट काळोखात, झाकण न उघडता भात शिजवायचा तसं काम. हात आणि पाढे यांच्यावर विश्वास हवा.

त्या फोटोत मी काळी नव्हते आणि गोरीही नव्हते. मी होते तशी होते, आणि मला वाटलं, बरी दिसते की मी. तो फोटो पाहून डोंबिवलीचं स्थळ आलं आणि पाहुण्यांनी फोटोतली मुलगी लगेच ओळखली.

लग्नानंतर मी हौसेने सासूबाईंना ठाण्याला नेलं. सासू-सुनेचा एक जोडफोटो काढायचा होता. आठवड्याने मी तो आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा पाहिला, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

फोटोत आम्हा दोघींच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

नव्या फिल्मला लाल दिसतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पुरतं समजलं. दिव्यांच्या पिवळट उजेडात कुंकवाचा लाल रंग इतका फिका आला होता की कातडीत मिसळून गेला होता. सवाष्ण एकटी आली तर अंबूताई जुनीच फिल्म लावायच्या, कुंकू ठसठशीत काळं उमटायचं. त्या दिवशी मात्र त्या चुकल्या. त्यात त्याच आठवड्यात सासऱ्यांना ताप भरला.

सासूबाई मला घेऊन तडक स्टुडिओत आल्या. "बाई, दोन ठिपके द्या शाईचे इथे. आत्ताच्या आत्ता."

अंबूताईंनी फोटो पाहिला. "चूक माझी आहे. सुनेच्या रंगाकडे बघत बसले आणि कपाळं विसरले. पण मी कुणाला गोरं रंगवलं नाही, तसं कुंकूही रंगवणार नाही. बसा, पुन्हा काढते."

"पुन्हा? तुमच्यापुढे?" सासूबाई म्हणाल्या. "एकदा बसले तेवढं पुरे झालं."

एवढ्या एका वाक्याने काम केलं. विधवेच्या नजरेने फोटोतलं कुंकू गेलं, अशी बोलवा डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत झाली. सासऱ्यांचा ताप उतरला, पण बोलवा काही उतरली नाही. सवाष्णी येईनात. वधूवरांचे फोटो बंद झाले. नाना रोज येऊन रिकाम्या बाकाकडे बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, आता तरी ऐका. शिंपी अजून तयार आहे." अंबूताईंचा स्टुडिओ माझ्या हौसेपायी बंद पडायला आला होता, आणि मला अन्न गोड लागेना.

मी माहेरी आल्याचं कळताच त्यांनी निरोप पाठवला. येताना कुंकवाचा करंडा आण, एवढाच.

दुपारची वेळ होती. त्यांनी दार लावून घेतलं, दिवे लावले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसल्या. "लाव," म्हणाल्या.

मला कळलं, आणि मी करंडा त्यांच्याच पुढे धरला. "तुम्हीच लावा ना."

"मला जमायचं नाही. सवय गेली. ठिपका गोल हवा."

मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, सरळ माझ्याकडे पाहत राहिल्या. एक फोटो जुन्या फिल्मवर, एक नव्या. दोन्ही वेळा कॅमेऱ्याचा रबरी फुगा मी दाबला. मग त्या मला काळ्या पडद्याआड घेऊन गेल्या आणि नवी फिल्म धुवायला घेतली. पाढे सुरू झाले. सतराच्या पाढ्यात त्या एकशे दोनवर अडखळल्या. अंधारात काही दिसत नव्हतं, पण त्या का थांबल्या ते मला कळलं. मी म्हटलं, "एकशे एकोणीस." त्यांनी एक श्वास घेतला आणि पुढे म्हणू लागल्या.

दोन दिवसांत दुकानाच्या काचेत ते दोन फोटो शेजारी शेजारी लागले. एकात कपाळावर काळंभोर कुंकू, दुसऱ्यात कपाळ मोकळं. खाली पुठ्ठ्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'बाई तीच. कुंकू तेच. दिवस तोच. फिल्म वेगळी.'

नवरात्राच्या गर्दीतल्या नाक्यावर एका विधवेने कुंकू लावलेला स्वतःचा फोटो टांगला होता. आज वाचणाऱ्याला त्यात काय एवढं, असं वाटेल. तेव्हा लोक रस्ता ओलांडून बघायला येत होते आणि बघून थुंकतही होते. नाना धावत आले. "वहिनी, लोक तोंडात शेण घालतायत. काढा ते."

"तुम्ही काढा," अंबूताई म्हणाल्या. "मी उद्या तिसरा लावते. आणि लोकांना म्हणावं, आत या, खुर्ची रिकामी आहे."

नानांनी काचेला हात लावला नाही. चार दिवसांनी सासूबाई मला म्हणाल्या, "चल, मला बघायचंय." काचेपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे तिने खरंच लावलं होतं?"

"हो."

"कुणी लावून दिलं?"

घरातून बाहेर काढलं तरी चालेल, असं मनाशी ठरवून मी म्हटलं, "मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला, पायरी चढून आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. "ती जुनी फिल्म लावा. मला काळी केलीत तरी चालेल. कुंकू दिसलं पाहिजे."

"पाठ सरळ," अंबूताई म्हणाल्या.

त्यानंतर स्टुडिओ पंधरा-सोळा वर्षं चालला. अंबूताई गेल्या तेव्हा मी भेटायला गेले. नानांनी भिंतीवर त्यांचा फोटो लावला होता, मोठा करून, चंदनाचा हार घालून. घरात त्यांचे दोनच फोटो सापडले. नाना म्हणाले, "त्यातला बरा लावला. दुसरा काही लावण्यासारखा नव्हता."

त्यांनी मोकळ्या कपाळाचा लावला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन भुवयांच्या मध्ये, कातडीहून अगदी किंचित वेगळा, एक गोल ठिपका होता. कुठे बघायचं ते ठाऊक असलं तरच दिसेल असा. तो मी लावलेला होता.

नानांना मी काही सांगितलं नाही. ते होते तोवर रोज सकाळी त्या कुंकवाला हात जोडत होते.