भिकामामांची बारा पावलं

गोलच्या रेघेवर दोन्ही टाचा टेकवून भिकामामा उभे राहिले की मैदानावरचा गलका आपोआप कमी व्हायचा. टोपी काढून ते खिशात कोंबत, समोरच्या गोलकडे एकदा नीट बघून घेत आणि मग डोळे मिटून चालायला लागत. अकरा पावलं मनातल्या मनात, बारावं मोठ्यानं. "बारा!" म्हणत सदऱ्याच्या खिशातलं झेंडूचं फूल खाली टाकायचं, उकिडवं बसायचं, फूल उचलून त्या जागी मूठभर चुन्याची फक्की दाबायची. झाला पेनल्टीचा स्पॉट. मग जवळ जो कुणी खेळाडू असेल त्याच्याकडे बघून म्हणत, "घ्या. आता भांडा."

नाशिक जिल्ह्याच्या फुटबॉल लीगची दुसरी डिव्हिजन या माणसाच्या पायांवर उभी होती. मी हे कौतुकानं म्हणत नाही. आमच्या लीगच्या नियमांच्या वहीत तसं लिहिलेलंच होतं: "मैदानाची सर्व मापं भिकामामांच्या पावलांनी घ्यावीत, ती सर्व संघांना मान्य असतील."

नव्वदच्या दशकात ही डिव्हिजन सुरू झाली तेव्हा पाच संघ होते. गोलपोस्ट भंगारातून आणलेल्या पाइपांचे. जाळी विंचूरच्या संघानं आणली होती, कांद्याच्या लाल जाळीदार पिशव्या उसवून, एकमेकींना शिवून. गोल झाला की बॉलला कांद्याचा वास यायचा, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. अंबडची पोरं कारखान्यातून थेट मैदानावर यायची. त्यांच्या बुटांच्या तळव्यांत लोखंडाचा कीस अडकलेला असायचा. आम्ही एकलहऱ्याचे, वीज केंद्राच्या कॉलनीतले. शिफ्ट ड्युटीमुळे आमचे अकरा कधी एकसारखे नसत. मी गोलकीपर असल्यामुळे मात्र मला माझी शिफ्ट बदलून मिळायची, कारण माझ्या जागी उभं राहायला दुसरं कुणी तयार नसायचं.

भिकामामांचा फुटबॉलशी तसा काही संबंध नव्हता. मखमलाबादला त्यांची फुलांची शेती. पहाटे फुलबाजारात झेंडू-शेवंती घालायची आणि दुपारी वाफ्यात, हा त्यांचा दिवस. पहिल्या वर्षी उद्घाटनाचे हार घेऊन ते सायकलवरून मैदानावर आले आणि आमची आखणी बघून जागच्या जागी थबकले. आम्ही पोरांनीच डब्याला भोकं पाडून फक्की मारली होती, त्यामुळे रेघ नागमोडी गेली होती.

"ही रेघ कोन्या शहान्यानं मारली?" त्यांनी विचारलं.

"का हो मामा? काय झालं?"

"काय झालं? असं बी पेरलं असतं तर बापानं मला घरात घेतलं नसतं." त्यांनी हार बाजूच्या झुडपावर ठेवले, माझ्या हातातून डबा घेतला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. दोरी नाही, खुंटी नाही. सुभेदारसाहेब त्या दिवशी रेफरी होते. देवळालीहून सैन्यातून निवृत्त झालेले, कडक माणूस. त्यांनी रेघेच्या टोकाला बसून एक डोळा मिटून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पर्फेक्ट."

पेनल्टी स्पॉट बारा यार्डांवर असतो हे मामांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "यार्ड म्हंजे किती?" सुभेदारांनी हातानं दाखवलं. मामांनी एक पाऊल टाकून दाखवलं. "हे न?" मग ते बारा पावलं चालले. सुभेदारांनी टेप लावली. छत्तीस फूट, बरोबर. एक बोटभरसुद्धा इकडे-तिकडे नाही. मामा उंच होते, पाय लांब आणि आयुष्यभर पावलांनीच वाफे मोजलेले. त्या दिवसानंतर टेप परत गेली ती गेलीच. सुभेदारांनी सुचवलं आणि नियमांच्या वहीत ते वाक्य आलं.

"टेप लोंबती," मामा म्हणायचे, "पाऊल लोंबत नाय."

पुढे दहा-बारा वर्षं मामा प्रत्येक रविवारी आले. हंगाम पावसाळ्यातला, रेघा वाहून जायच्या. मध्यंतरात सगळे चहा पीत असताना हा माणूस चिखलात पुन्हा फक्की मारत असायचा. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत. ऑफसाइडला ते "मागं-पुढं" म्हणत. पण बॉल रेघेबाहेर गेला की नाही यावर दोन संघ हमरीतुमरीवर आले तर रेफरीच्या आधी मामांकडे बघितलं जायचं. विंचूरचा कप्तान बापू एकदा असाच तावातावानं भांडत होता. मामा त्याला म्हणाले, "बापू, रेघ मी मारली, तिला मी वळखतो. बॉल तिला शिवला पन नाय. बस खाली." आणि बापू, जो कुणाच्या बापाचं ऐकत नसे, खाली बसला. पाचाचे दहा संघ झाले. मैदानावरून भांडणं झाली, पंचांवरून झाली, एकदा तर बॉलच्या हवेवरूनही झाली. मापावरून कधीच झाली नाहीत.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. मामांचा उजवा गुडघा गेला होता. ते बोलत नसत, पण सायकलवरून उतरताना आधी डावा पाय टेकवायचे आणि क्षणभर थांबायचे. मी इतकी वर्षं गोलमध्ये उभा होतो. फॉरवर्डला कळणार नाही, रेफरीला कळणार नाही, पण गोलकीपरला कळतं. पेनल्टी घ्यायला उभा राहिलेला माणूस मला मोठा दिसायला लागला होता.

एका रविवारी मॅच संपून सगळे गेल्यावर मी टेप लावली. अडीच फूट कमी. मामांचं पाऊल जेमतेम अडीच इंचांनी आखूड झालं होतं, आणि अडीच इंच बारा वेळा.

मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारा दुखावेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. दुसऱ्याच दिवशी कॉलनीच्या मैदानावर मी आमच्या संघात बॅक खेळणाऱ्या दिलीपला अडीच फूट जवळून पेनल्टी मारायला लावल्या आणि त्या अडवायचा सराव सुरू केला. दिलीपनं विचारलं, "स्पॉट इथं कुठाय रे?" मी म्हटलं, "तू मार फक्त." इतर संघांचे गोलकीपर क्षणभर उशिरा उडी मारायचे. मी वेळेवर मारायचो. दोन हंगाम मी पेनल्टीवर पेनल्टी अडवत गेलो. पेपरात फोटो आला. सत्कारात मामांनी स्वतःच्या हातानं ओवलेला हार माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "परकाश, तुझी नजर लय बारीक हाय."

मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तिसऱ्या हंगामाची शेवटची मॅच विंचूरशी होती. बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या डिव्हिजनमध्ये जाणार होतो. अगदी शेवटच्या मिनिटाला दिलीपनं आमच्याच बॉक्समध्ये बापूला पाडलं. पेनल्टी. बापूनंच घेतली. मी बरोबर बाजूला झेपावलो, बॉल माझ्या बोटांना लागून आत गेला. शिट्टी झाली. विंचूरची पोरं टेम्पोच्या टपावर चढून नाचायला लागली. मी चिखलात पडलो होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: अडीच फूट. बॉल अडीच फूट मागून आला असता तर तो माझा होता.

मी उठलो आणि ओरडलो, "स्पॉट चुकीचा आहे! प्रोटेस्ट! मोजा!"

सुभेदार तेव्हा लीग कमिटीचे अध्यक्ष होते. ते म्हणाले, "प्रकाश, नियम माहीत आहे ना? माप मामांचं."

"नियम बारा यार्डांचा आहे, साहेब." मी गोलपोस्टमागे ठेवलेल्या माझ्या पिशवीकडे गेलो आणि टेप काढून आणली.

सगळ्यांसमोर मोजलं. अडीच फूट कमी. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मामा, तुमचे बारा वाजले!" लोक हसले. बापू हसला नाही. तो आपल्याच पोरांवर खेकसला, "गप बसा रे!"

भिकामामा पुढे आले. गोलच्या रेघेवर टाचा टेकवल्या, टोपी काढली, डोळे मिटले आणि चालायला लागले. उजवा पाय दर वेळी किंचित अडखळत होता. मी तो तीन वर्षं बघत होतो, लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. "बारा," मामा म्हणाले. खिशातलं फूल टाकलं. ते बरोबर जुन्या स्पॉटवर पडलं.

त्यांनी डोळे उघडून फुलाकडे बघितलं, मग टेपच्या टोकाकडे, आणि मग माझ्या पिशवीकडे.

"परकाश," ते हळूच म्हणाले, "टेप घरूनच आनली व्हती का रं?"

एवढंच. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मी टेप गुंडाळायला लागलो. मामांनी डबा उचलला, सायकलला अडकवला आणि सायकल हातात धरून चालत निघून गेले. फूल तिथंच राहिलं.

मॅच पुन्हा खेळवली गेली. टेपनं मापलेल्या मैदानावर आम्ही दोन-शून्य जिंकलो आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये गेलो. तिथं वर्षभर मार खाऊन परत खाली आलो. वहीतलं ते वाक्य सुभेदारांनी स्वतः खोडलं. त्यानंतर मामा मैदानावर आले नाहीत. रेघा कुणीतरी मजूर मारायचा, आणि रेघेवरून भांडणं सुरू झाली.

मला मखमलाबादला जायला दीड वर्ष लागलं. दर रविवारी ठरवायचो, दर रविवारी ड्युटी निघायची. नाही निघाली तर मी मागून घ्यायचो. शेवटी एका सकाळी गेलो. मामा झेंडूची रोपं लावत होते. त्यांच्या हातात सुतळी होती आणि ठरावीक अंतरावर तिला लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. चिंधी बघायची, रोप लावायचं, सरकायचं. ज्या माणसानं आयुष्यभर डोळे मिटून वाफे मोजले, तो स्वतःच्या वावरात स्वतःच्या पावलावर विश्वास ठेवायचा बंद झाला होता. ते बघितल्यावर मी ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरलो.

"मामा, मला दोन वर्षं आधीपासून माहीत होतं."

"म्हाईत हाय मला," सुतळी न सोडता ते म्हणाले. "पिशवीतच व्हती ना टेप."

"मी फायदा घेतला. आणि हरल्यावर तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"धर," ते म्हणाले आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी ती ताणली. बराच वेळ ते रोपं लावत होते. मग म्हणाले, "दोन वरसं गप राहिला, त्याचं काय नाय. पोरगं जिंकायला बघनारच. पन एकदा कानात सांगायचं व्हतं ना रं. मामा, पाऊल जवळ पडतंय. मी लांब टाकलं असतं. लय अवघड काम नव्हतं ते."

मी रडलो असतो, पण सुतळी ढिली पडली असती.

"आता रेघ कोन मारतं?" त्यांनी विचारलं.

"आहे एक मजूर."

"सरळ असती का?"

"नाही."

ते हसले. "मंग तू मार. डबा वसरीत हाय, घेऊन जा. आन् टेप बी घे, पन पिशवीत ठेवू नको. हातात ठेव."

त्यांच्या तोंडून माफी वगैरे शब्द आला नाही आणि मीही तो मागितला नाही. त्यांनी मला काम दिलं होतं. पुढच्या रविवारपासून रेघा मी मारायला लागलो. गोलकीपर म्हणून अजून एक हंगाम खेळलो, मग हातमोजे दिलीपच्या पुतण्याला दिले आणि डबा स्वतःकडे ठेवला. मामा पुन्हा मैदानावर आले नाहीत, पण फुलबाजारात भेटले की विचारत, "भांडनं किती झाली?" मी आकडा सांगायचो. आकडा कमी होत गेला. तो शून्यावर आल्याचं सांगायला मी गेलो त्याच्या आदल्या आठवड्यात मामा गेले होते. त्यांच्या वावरात शेवंती फुलली होती, ओळी सुतळीसारख्या सरळ.

लीगच्या स्मरणिकेसाठी डिव्हिजनचा इतिहास मीच लिहिला. संघ, विजेते, मैदानं, सगळं आलं. आखणीबद्दल एक ओळ आहे: "सुरुवातीच्या काळात मैदान पावलांनी मोजलं जाई." कुणाच्या पावलांनी, ते मी लिहिलं नाही. नाव लिहिलं की ती मॅच लिहावी लागली असती, आणि ती लिहिली की टेप कुठून आली तेही. म्हणून हा लेख. त्या स्मरणिकेतली ती ओळ आज पुरी करतो.

हंगामाच्या पहिल्या रविवारी मी टेप वापरत नाही. टाचा टेकवतो, टोपी नसते म्हणून चष्मा काढतो, डोळे मिटतो आणि चालतो. बारा म्हणून झेंडूचं फूल टाकतो. मग टेप पाहुण्या संघाच्या गोलकीपरच्या हातात देतो आणि सांगतो, "मोज. काय निघेल ते मोठ्यानं सांग." माझाही गुडघा आता दुखतो. गेल्या खेपेला विंचूरचा गोलकीपर होता. त्यानं दोनदा मोजलं, जरा संकोचला.

"काका, चार इंच कमी भरतंय."

"मोठ्यानं बोल."

"चार इंच कमी!" तो ओरडला. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं.

मी फूल उचललं, परत गोलच्या रेघेवर गेलो आणि पाऊल लांब टाकत आलो. त्यानं पुन्हा टेप लावली, मान हलवली. मी फक्की दाबली आणि उभा राहिलो.

"घ्या," मी म्हटलं. "आता भांडा."