चिंगीचा सूर्य

आमच्या लाँड्रीत तिला सगळे कडक म्हणतात. तिच्या हातची कॉलर दिवसभर मोडत नाही म्हणून, आणि दिवसभर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणूनही. हॉस्पिटलच्या चादरी ती वाफेच्या प्रेसवर दाबते, मी पलीकडे घड्या घालते. राहायलाही आम्ही शेजारी. मधे एकच भिंत, तीही नावाला. त्यामुळे तिच्याबद्दल जे सांगते ते ऐकीव नाही.

तिचा नवरा क्रेन चालवायचा. दिसायला देखणा, बाहेर बोलायला साखर. इमारतीतल्या बायका त्याचं कौतुक करायच्या तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जायची. घरात शिरला की तो पट्टा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, आणि मग त्या घरात कुणी मोठ्याने श्वासही घ्यायचं नाही. पहिली काही वर्षं मार एकट्या कडकने खाल्ला. तिचा डावा कान त्यातच गेला. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे उभं राहावं लागतं. पुढे त्यांची पोर, चिंगी, शाळेत जायला लागली आणि मार खाणाऱ्या दोघी झाल्या.

शाळेने मुलांना टॅब्लेट दिले होते. त्यात गणिताचा खेळ. पूल बांधायचा, उत्तर बरोबर आलं की फळी लागते, चुकलं की फळी पाण्यात. खेळताना तो टॅब्लेट मुलाचा चेहरा बघतो. मजा येतेय, कंटाळा आलाय की भीती वाटतेय, हे म्हणे त्याला कळतं. कोपऱ्यात एक सूर्य असतो. मूल खूश असलं की तो वर चढतो, नसलं की बुडतो, आणि तुमच्या मुलाचा सूर्य कुठे आहे ते शाळा घरी कळवते.

चिंगीचा सूर्य कायम बुडालेला. बुडणार नाही तर काय करेल, पाठीमागे बाप उभा.

"घरात सुख नाही असं शाळेला दाखवतेस काय?" तो म्हणायचा, आणि पट्टा खुर्चीवरून निघायचा. भिंतीतून मला फटका न् फटका ऐकू यायचा. मी इकडून भिंतीवर बुक्क्या मारायचे. तो थांबायचा, पाणी प्यायचा, पुन्हा सुरू करायचा. एकदा मी दार ठोठावलं तर हसून म्हणाला, "ताई, अभ्यास घेतोय."

मग कडकने आपल्या परीने उपाय काढला. तो कामावर गेला की ती चिंगीला आरशासमोर उभी करायची आणि हसायला शिकवायची. गाल वर, दात थोडेसे. "नुसतं तोंड नाही गं, डोळेसुद्धा," ती सांगायची. पोर हुशार, लगेच शिकली. सूर्य वर गेला. वर्गातली सगळ्यांत आनंदी मुलगी म्हणून शाळेने तिचा फोटो भिंतीवर लावला.

मीसुद्धा फसले. शाळा सुटली की चिंगी लाँड्रीत येऊन बसायची, आणि मला विनोद सांगायची खोड. माझे विनोद असे की माझी सख्खी बहीण ऐकता ऐकता उठून जाते. चिंगी मात्र विनोद संपायच्या आधीच हसायची. मला वाटायचं, चला, कुणीतरी कदर करणारं भेटलं.

मार काही कमी होईना. उलट वाढला. सूर्य वर, पण फळ्या सगळ्या पाण्यात. "दात काढतेस आणि वर चुकतेस?" म्हणून तो मारायचा. एकदा कडकने चिंगीचा फ्रॉक लाँड्रीत धुवायला आणला, पाठीवर रक्ताच्या रेघा. रक्ताला गार पाणी लागतं, गरम पाण्याने डाग बसतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ती नळाखाली फ्रॉक धरून उभी राहिली.

"पोलिसांत चल," मी म्हणाले.

"तिची गणितं बरोबर यायला लागू देत," ती म्हणाली. "मग तो नाही मारणार."

मी तिला तोंडाला येईल ते बोलले. ती डोळ्याला पदर न लावता फ्रॉक चोळत राहिली.

पालकसभेला तिने मला सोबत नेलं, एखादा शब्द निसटू नये म्हणून. बाई भल्या होत्या, कौतुकानेच सांगत होत्या. "मूल खूश दिसलं की खेळाला वाटतं, याला हे सोपं जातंय. मग तो गणितं अवघड करतो. मूल रडवेलं झालं की सोपी देतो. तुमची चिंगी तर इतकी हसते, की मोठ्या मुलांची गणितं तिच्यापुढे येतात."

"काय म्हणाल्या?" कडकने मला विचारलं. तिने ऐकलं होतं, तरी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. पोर हसली की गणित अवघड, मग चूक, मग पट्टा, आणि पट्ट्याच्या भीतीने पुन्हा हसू. आणि हसायला शिकवलं होतं तिनेच.

आम्ही घरी परतलो. जिन्यातच पट्ट्याचा आवाज आला. ती धावली, मी तिच्या मागे. आत चिंगी टॅब्लेटसमोर बसलेली, ओठ फुटलेला, हनुवटीवरून रक्त, आणि चेहऱ्यावर ते हसू. डोळेसुद्धा बरोबर बारीक केलेले.

"हसू नकोस," कडक म्हणाली. "रड, चिंगे. रड बाळा."

पोरीला कळेना. ती आणखी हसली.

"तू मधे पडू नकोस," म्हणत त्याने पट्टा उलटा धरला, बकलाची बाजू पुढे. टेबलावर कडकची इस्त्री होती, जुनी, जड लोखंडाची. गार होती हे त्याचं नशीब. तिने ती उचलून त्याच्या मनगटावर हाणली. काडकन हाड मोडलं. त्याने दुसऱ्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं, आमच्या दोघींच्या त्याच भिंतीवर. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली आणि कानाला कडकडून चावले. तिचा दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा गुडघ्यावर. तो खाली कोसळून आईला हाका मारायला लागला, तरी ती थांबेना. शेवटी मीच इस्त्री हिसकावली, नाही तर मेलाच असता. खरं सांगते, जरा उशिरा हिसकावावी असं मनात येऊन गेलं.

या सगळ्यात चिंगी जागची हलली नव्हती. हसत होती. सूर्य पार माथ्यावर चढला होता, आणि टॅब्लेटमधून गोड आवाज आला, "वा! आज खूप मजा येतेय ना?"

तेव्हा कडक रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पोलिस आले. इस्त्री अंगावर पडली, असं त्याने सांगितलं. बायकोने झोडपलं हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी पट्टा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि चिंगीची पाठ दाखवली. आता तो भावाकडे असतो. क्रेन सुटली, हाताने चमचाही नीट धरता येत नाही म्हणतात. मला वाईट वाटत नाही.

टॅब्लेट कडकने शाळेला परत केला. ते हसू मात्र जाईना. गठ्ठा धपकन पडला की पोर हसायची, कुणी आवाज चढवला की हसायची. मग कडक प्रेस बंद करून तिच्याजवळ जाऊन बसायची. "काही झालेलं नाही," एवढंच म्हणायची.

परवा मी एक विनोद सांगितला, चांगला लांबलचक. चिंगीने शेवटपर्यंत ऐकला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, हा अजिबात चांगला नव्हता," ती म्हणाली. "तुझे कुठलेच चांगले नसतात."

मी तिला झापणारच होते. पण पलीकडे कडकचा हात प्रेसच्या दांड्यावर थांबला होता.

"परत म्हण गं," ती म्हणाली.

"मावशीचे विनोद वाईट असतात," चिंगी फुरंगटून म्हणाली.

प्रेसमधली चादर तशीच राहिली आणि करपली. वास आला तसा मालक धावत आला आणि आम्हा दोघींवर कचकचून ओरडला. चिंगी त्याच्याकडे रागाने बघत राहिली. हसली नाही.