पोतं उचलणारा सुपरवायझर

संजय गवईंच्या छातीवर ‘सुपरवायझर’ लिहिलेला बिल्ला होता आणि खांद्यावर तुरीचं पोतं. मी त्यांना थांबवलं.

“संजयभाऊ, तुमच्या हाताखाली माणसं किती?”

“कोनीच नाही मॅडम. मी अन् हे पोतं.”

नांदुऱ्याच्या त्या दालमिलमध्ये मी एचआर सांभाळत होते. हजेरीपत्रकावर माझी सही लागायची. त्या महिन्यात मशीनवरचे पाच कामगार एकदम सुपरवायझर झाले होते. काम तेच, पगार तोच, रोज बारा तास. फक्त ओव्हरटाइमचा रकाना कोरा.

कायदा केंद्राचा आणि तसा सोपा आहे. ठरलेल्या तासांच्या वर काम झालं, की त्या जादा तासांना दुप्पट दर. खरोखर देखरेख करणाऱ्यांना मात्र यातून वगळता येतं. मिलच्या मालकांनी, शेठजींनी, तेवढंच वाचलं आणि बिल्ले छापून आणले.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

“काऊन? कोनाची तक्रार आहे का?” शेठजींनी विचारलं.

तक्रार नव्हतीच. संजयभाऊंना विचारलं तर ते मान खाली घालून म्हणाले, “मॅडम, सुपरवायझर झालो म्हनून गावात पेढे वाटले म्या. पोरगी शाळेत सांगत फिरते. आता कोनत्या तोंडानं नाही म्हनू?”

मला फार वाईट वाटलं. पण माघार घ्यायची नव्हती. मी त्यांना घेऊन थेट केबिनमध्ये गेले.

“शेठजी, हे सुपरवायझर आहेत ना? मग उद्या मशीनवरच्या एकाला हेच सुट्टी देतील. चालेल?”

“हा कोन सुट्टी देनारा?” शेठजी उसळले. “इथं सुट्टी मी देतो!”

मग संजयभाऊंनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“मंग हा तुमच्यापाशीच ठेवा शेठ. मले माये तास द्या.”

शेठजींनी माझ्यादेखत वकिलाला फोन लावला. फोन ठेवल्यावर चेहरा उतरला होता. पाचही जणांचा ओव्हरटाइम दुप्पट दराने लागला, तेव्हाच मी सही केली. आठवडाभर शेठजी माझ्याशी बोलले नाहीत. मीही त्यांची मनधरणी केली नाही.

पुढच्या महिन्यापासून मिल वेळेवर सुटू लागली. बारा तासांशिवाय होतच नाही म्हणून सांगितलेलं काम, दुप्पट पैसे मोजायची वेळ आल्याबरोबर आठ तासांत व्हायला लागलं.

“बिल्ला गेला म्हणून पोरगी रुसली का हो?” मी एकदा संजयभाऊंना विचारलं.

“नाही मॅडम,” ते हसले. “तिनं इचारलंच नाही. मी घरी आलो तं ती जागी होती.”