कूलरमधला रॉकेलचा वास

परवा शेजाऱ्यांनी गंजलेल्या कडीवर स्प्रे मारला आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा सणकलं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझे बाबा गंगापूरहून आठ दिवस राहायला आले, आणि नेमका कूलरचा पंखा कुरकुरायला लागला. ह्यांनी वाळूजच्या कंपनीतून तेलाचा म्हणून स्प्रेचा डबा आणला. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. म्हटलं, "अहो, ह्यात तेल थोडंच. बाकी सगळं रॉकेलसारखं पातळ द्रावक आणि बाहेर ढकलायला गॅस. पंख्यातलं ग्रीस धुऊन निघेल, द्रावक उडून जाईल आणि पंखा कोरडा पडेल." "तुझं विज्ञान शाळेत ठेव," म्हणत ह्यांनी अर्धा डबा मारला. पंखा लई झकास फिरला. पण वाळ्याच्या सुगंधाऐवजी घरभर रॉकेलचा वास सुटला, बाबा खोकून बेजार झाले, आणि तासाभरात पंखा कचकन अडकला. बाबांनी पिशवी उचलली. "पोरी, आपल्या लिंबाखालीच बरं हाय," म्हणाले आणि संध्याकाळच्या एसटीनं गेले. हे विचारत होते, "अजून एकदा मारू का?" बाबा पुन्हा राहायला आलेच नाहीत, आता तर ते नाहीतच. तो डबा अजून फळीवर आहे, आणि ह्यांनी त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय: तेल.