मी नीट लावलेल्या चपला

तारापूरच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक रोग जडतो, आणि त्याची गोळी सरकारी दवाखान्यात मिळत नाही. कुणी मोठा माणूस पाहणीला येणार म्हटलं की हात आपोआप आवराआवरीला लागतात. गळका पाइप ऑडिटच्या आदल्या दिवशी दुरुस्त करायचा नाही, त्याला रंग द्यायचा, हे मी एवढ्या पोरांना शिकवलं की निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्याचंच कौतुक केलं. मी लाजलोही होतो.

त्या मंगळवारी मी बोईसरजवळच्या सरकारी दवाखान्यात डायबेटिसच्या गोळ्यांसाठी गेलो होतो. निवडणूक तोंडावर होती. एक पक्ष म्हणे, आमच्या काळात अर्ध्या तासात नंबर लागतो. दुसरा म्हणे, चार तास लागतात. टपरीवर मी दोन्ही बाजूंनी भांडून झालो होतो. ज्या दिवशी जो चहा पाजेल त्याची बाजू.

दवाखान्यात बाकडी दोनच. म्हणून तिथली रीत अशी की केसपेपरच्या बंद खिडकीसमोर आपल्या चपला रांगेत ठेवायच्या आणि बाहेर बदामाच्या सावलीत जाऊन बसायचं. आपल्याऐवजी चपला उभ्या राहतात. दुसऱ्याच्या चपलेला कुणी हात लावत नाही.

खिडकी उघडायची वेळ होत आली तेव्हा अर्ध्या तासवाल्या पक्षाचा एक कार्यकर्ता धावत आला. आमचे उमेदवार भाऊ येतायत, कॅमेरेवाले सोबत आहेत, आणि हा पसारा कसला, म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही शिकलेले दिसता. जरा बघा ना."

शिकलेले. तेवढं पुरलं. दहा मिनिटांत सगळ्या चपला मी भिंतीकडेला लावल्या. पुरुषांच्या एका बाजूला, बायकांच्या दुसऱ्या, मापाप्रमाणे, टाचा भिंतीला. अंगठे तुटलेल्या मागे दडवल्या. माझ्या स्वतःच्या चपला रांगेत जवळजवळ शेवटी होत्या. त्या नव्या दिसतात म्हणून सगळ्यांत पुढे ठेवल्या. आपण नक्की काय मोडलं हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

भाऊ आले. स्वच्छ मोकळी फरशी पाहून त्यांचा चेहरा उजळला. कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "कुठंय रांग? विरोधकांनी येऊन दाखवावी."

तेवढ्यात बाहेरून एक म्हातारी आत आली. डोंगराकडच्या पाड्यावरची. बरोबर आठवा महिना लागलेली सून, पाय सुजून लाकडासारखे झालेले. सोनोग्राफीचे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात आणि एक वाजता जातात. मागचे दोन मंगळवार या दोघी नंबर यायच्या आत परत गेल्या होत्या. बाळ आडवं आहे की सरळ, हे कळल्याशिवाय बाळंतपण इथे करायचं की पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, ते सिस्टर सांगत नव्हत्या. म्हणून आज पहिल्या एसटीने येऊन म्हातारीने आपली चप्पल पहिली ठेवली होती. आणि आता मोकळी जागा बघून नुकतेच आलेले चौघे खिडकीला चिकटले होते.

"माजी निळी पयली होती," म्हातारी म्हणाली. "कोनी उचलली?"

कार्यकर्त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. गप्प बसायची मला तीस वर्षांची सवय. पण सुनेचे ते अनवाणी पाय माझ्या समोरच होते.

"मी उचलली, आजी," मी म्हणालो. "रांग होती, भाऊ. तुमच्यासाठी मी ती लपवली."

भाऊ मुरलेले. हसले, काकांचा काहीतरी गैरसमज झालाय म्हणाले आणि हुकूम सोडला की या आजींना माझ्याकडून आधी आत घ्या.

म्हातारी जागची हलली नाही. "तुमी नका पाठवू. माजा नंबरच पयला हाय."

मग तिने भिंतीकडून आपली निळी चप्पल ओढली, सुतळी बांधलेली, मी मागे दडवलेली, आणि खिडकीसमोर ठेवली. माझ्यामागं ही चिंचणीची बाई, म्हणाली. ती बाई उठली. तिच्यामागे कोण ते तिला ठाऊक. झाडाखालून एकेक जण आत येऊन आपल्या चपला लावत गेला. कुणाच्या मागे कोण, यावर एक शब्दही झाला नाही. ते चौघे आपणहून मागे गेले, मी त्यांच्याही मागे. कॅमेऱ्यासमोर रांग खिडकीपासून पार दारापर्यंत पोचली.

भाऊंना कॅमेऱ्यासमोर बीपी तपासून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "मग काढा चपला. माझ्यामागे नंबर आहे." सगळे बघत होते. त्यांनी काढल्या.

खिडकी उघडायलाच अर्धा तास गेला. भाऊंना दुसरा कार्यक्रम आठवला, चपला घालून ते निघून गेले.

म्हातारी आणि सून पहिल्या आत गेल्या. बाळ आडवं निघालं. दवाखान्याच्याच गाडीने दोघींना पुढे पाठवलं. जाताना म्हातारीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि बरोबरच होतं.

माझा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. पण तोवर रांग सरकत असताना माझ्या चपलांमागे आम्ही दोन पावलांची जागा मोकळी सोडत होतो. नवा कुणी तिथे चपला ठेवायला लागला की मागचे त्याला अडवत.

"तिथं नाय. ती भाऊंची जागा हाय."