चहा गार होतोय, काका!

अर्धी लीग हरून झाल्यावर आमच्या गावच्या टीमने शेजारच्या गावाचा म्हातारा बॅट्समन आणला. हा माणूस वर्षानुवर्षं आम्हाला सिक्सर मारत आला, आणि आम्ही मैदानाच्या भिंतीवर बसून "काका, घरी चला, चहा गार होतोय!" असं ओरडत आलो.

रविवारी तो आमची जर्सी घालून उतरला. पोट जर्सीत मावत नव्हतं.

"आता आणून काय उपयोग?" मांडीवर थर्मास घेऊन बसलेले दत्ताभाऊ कुरकुरले.

पण त्याच्यासाठी ओरडायचं काय, ते कुणालाच सुचेना. पहिलाच चेंडू त्याने चिंचेपलीकडे भिरकावला, आणि दत्ताभाऊ सवयीने ओरडले, "काका, चहा गार होतोय!"

सगळी भिंत हसली. काकांनी आमच्याकडे बघून बॅट उंचावली. एखाद्याला इतकी वर्षं चिडवायचं, म्हणजे दर मोसमात त्याची वाटच बघायची की! माणूस कधीचाच आपला झालेला असतो, मधे फक्त जर्सी येते.

काका आउट होऊन परतले, तेव्हा दत्ताभाऊ भिंतीवरून उतरून, थर्मासमधला चहा कपात ओतून उभे होते.

"गरम आहे," ते म्हणाले.